स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णसेवेत

शस्त्रक्रिया पार पडली, टाके सुकले आणि रुग्ण घरी गेला की उपचार संपले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. वजन कमी करण्याच्या, म्हणजेच बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेला हा समज लागू पडत नाही. या शस्त्रक्रियेचे यशापयश ऑपरेशन थिएटरमध्ये जितके ठरते, तितकेच ते पुढे अनेक वर्षे रोजच्या डब्यात, पाण्याच्या बाटलीत आणि कामाच्या वेळापत्रकात ठरत राहते. शस्त्रक्रिया करून घेणारी व्यक्ती परिचारिका असेल, तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. जेवणाची वेळ टळणे, तासन्‌तास उभे राहणे, रुग्णाला उचलणे आणि रात्रपाळी हा तिच्या पेशाचाच भाग असतो.

मोठ्या शहरातील रुग्णालयात निदान कँटीन असते, बदली सहकारी मिळू शकते आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला त्याच इमारतीत घेता येतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत चित्र वेगळे आहे. येथील आरोग्य सेविकेचा वॉर्ड म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेनंतर कामावर परतताना केवळ 'कामास योग्य' असे प्रमाणपत्र पुरत नाही. परतण्याची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच करावी लागते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

स्थूलत्वावरील शस्त्रक्रियांचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात जठराला वळसा देणारी 'गॅस्ट्रिक बायपास' पद्धत पुढे आणली. १९९०च्या दशकात ती दुर्बिणीच्या साह्याने होऊ लागली आणि रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. भारतातील या विषयाच्या शल्यचिकित्सकांची ओबेसिटी सर्जरी सोसायटी ऑफ इंडिया ही संघटना २००२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. पुढे २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली.

आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा बराचसा भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. पहिल्या प्रकारात मुख्यतः अन्न कमी मावते, तर दुसऱ्यात पोषक द्रव्यांचे शोषणही घटते. दोन्हींत भुकेशी संबंधित संप्रेरकांवर परिणाम होतो. साधारणतः एक ते दोन वर्षांत मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के घट होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी व झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांतही अनेकांना आराम पडतो. मात्र काही वर्षांनी थोडे वजन पुन्हा वाढू शकते.

कोणाला करता येते?

उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला 'बॉडी मास इंडेक्स' हा येथे प्रमुख निकष असतो. उदाहरणार्थ, १५५ सेंटिमीटर उंचीच्या महिलेचे वजन ९० किलो असेल, तर हा निर्देशांक सुमारे ३७.५ येतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार निर्देशांक ३५ वा अधिक असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. आशियाई लोकांत कमी वजनालाही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार व्हावा, असे या सूचना म्हणतात.

विम्याचे निकष मात्र अधिक कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, निर्देशांक ४० वा अधिक असेल, किंवा ३५ वा अधिक असून सोबत हृदयविकार, तीव्र 'स्लीप ॲप्निया' अथवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर विकार असेल आणि इतर उपायांनी गुण आला नसेल, तरच अशा शस्त्रक्रियेचा खर्च विम्याच्या कक्षेत येतो. वरील उदाहरणातील महिला डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र ठरेल. पण दुसरा गंभीर विकार नसल्यास तिचा दावा फेटाळला जाऊ शकतो. त्यामुळे विमा कंपनीची अथवा कार्यालयाची मंजुरी आधीच लेखी घेणे शहाणपणाचे ठरते. वजन कमी करणारी सेमॅग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने आता भारतातही मिळतात. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी या पर्यायाबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पेशा आणि पोटाचा घेर

आरोग्याचे धडे देणाऱ्या परिचारिकेचे वजन वाढले की 'तुम्हीच असे केलेत तर आम्ही काय करायचे?' असा टोमणा ऐकावा लागतो. तो अन्यायकारक आहे. रात्री जागरण, दिवसा तुटक झोप आणि हाती लागेल ते खाणे यांचा शरीराच्या चयापचयावर परिणाम होतो. अमेरिकेत १९७६ पासून परिचारिकांच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. त्याच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, फिरत्या रात्रपाळीची जितकी अधिक वर्षे, तितका टाइप-२ मधुमेहाचा धोका अधिक असल्याचे आढळले आणि वाढलेले वजन हे त्यामागचे एक कारण असल्याचे दिसले.

याचा दुसरा अर्थ असा की, शस्त्रक्रियेनंतर परिचारिका ज्या कामावर परतते, त्याच कामाने तिचे वजन वाढण्यास हातभार लावलेला असतो. कामाच्या सवयी तशाच राहिल्या, तर शस्त्रक्रियेचा लाभ टिकवणे कठीण जाते.

रजा किती आणि कधी?

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाल्यास आणि कोणतीही गुंतागुंत नसल्यास रुग्णाला बहुधा दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बैठे काम करणाऱ्यांना दोन ते तीन आठवड्यांत कामावर जाता येते. अंगमेहनतीच्या कामासाठी मात्र चार ते सहा आठवडे थांबावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. परिचारिकेचे काम या दुसऱ्या गटात मोडते, हे रजेचा अर्ज करतानाच ध्यानात घ्यायला हवे. सोबतच्या मैत्रिणीला तीन आठवड्यांत बरे वाटले, म्हणून आपणही तेवढीच रजा टाकावी, हा हिशेब चुकीचा आहे.

शासकीय सेवेतील परिचारिकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यानुसार वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आणि २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे अर्धवेतनी रजेचे परिवर्तित रजेत रूपांतर करून पूर्ण वेतन घेता येते. मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे ३० दिवसांच्या परिवर्तित रजेसाठी ६० दिवसांची अर्धवेतनी रजा शिल्लक असावी लागते. वैद्यकीय कारणास्तव रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याला परतताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. कंत्राटी परिचारिकांच्या रजा त्यांच्या करारानुसार ठरतात, त्यामुळे त्यांनी करारातील कलमे आधी तपासावीत. खासगी रुग्णालयातील परिचारिका कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर पात्रतेच्या अटी पूर्ण केल्यास वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळू शकतो.

ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. तिची तारीख ठरवता येते आणि शहापूर-मुरबाडमध्ये हाच सर्वांत मोठा फायदा ठरू शकतो. पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन पाड्यांच्या वाटा बंद होतात. सर्पदंश, विंचूदंश, हगवण व तापाचे रुग्ण वाढतात. उन्हाळ्यात उकाड्याने शरीरातील पाणी कमी होते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत नेमकी हीच गोष्ट टाळायची असते. त्यामुळे दिवाळीनंतर शस्त्रक्रिया आणि थंडी सरण्याच्या आत कामावर रुजू, हा क्रम या भागाला मानवणारा आहे. अर्थात, अंतिम निर्णय शल्यचिकित्सकाचाच.

हलके काम म्हणजे काय?

'काही दिवस हलके काम द्यावे' असे प्रमाणपत्रावर लिहिणे सोपे असते. ते अमलात आणणे अवघड. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा दोन्ही तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. तेथे एकाहून अधिक परिचारिका असल्याने कामाची वाटणी निदान शक्य असते. बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, रक्तदाब व साखरेची तपासणी, नोंदवह्या आणि औषधसाठा ही कामे सुरुवातीचे काही आठवडे देता येतात. प्रसूतिगृह, अपघात विभाग आणि स्ट्रेचर हलवण्याचे काम तूर्त टाळावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्याखालील उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे असतात. आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीच्या भागात हेच आकडे अनुक्रमे ५ हजार व ३० हजार आहेत. आदिवासी भागासाठीचा आकडा लहान दिसत असला, तरी तीन हजार माणसे एका गावात राहत नाहीत. ती अनेक वाड्या-पाड्यांत विखुरलेली असतात. डोळखांब, कसारा किंवा टोकावडे, मोरोशी परिसरात आरोग्य सेविकेचा बराच वेळ वाटेवरच जातो. उपकेंद्रात हलके व जड अशी कामाची वाटणीच नसते. समोर येईल ते काम करावे लागते आणि अडलेली बाळंतीण प्रमाणपत्र वाचून येत नाही. म्हणूनच अशा सेविकेच्या रजेनंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांसाठी शेजारच्या उपकेंद्राची मदत, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याबरोबर कामाची वाटणी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तात्पुरती नेमणूक यांपैकी काहीतरी आधीच लेखी ठरलेले असावे.

वजन उचलण्याबाबतचा नियम सोपा आहे. पहिले चार ते सहा आठवडे पाच-सात किलोपेक्षा जड काही उचलू नये. पोटावर ताण पडल्यास दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्रांच्या जागी हर्निया होऊ शकतो. लसींचा भरलेला डबा खांद्याला लावून चढण चढणे हेही वजन उचलणेच होय. त्यानंतरही रुग्णाला एकटीने उचलणे टाळावे. एका व्यक्तीने हातांनी उचलावयाच्या रुग्णभाराची मर्यादा अमेरिकी तज्ज्ञांनी सुमारे १६ किलो सांगितली आहे. ती शस्त्रक्रिया न झालेल्या परिचारिकेलाही लागू आहे. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे, कारण पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका त्याने कमी होतो. स्कूटी चालवायला डॉक्टरांच्या परवानगीनंतर आणि गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झाल्यावरच सुरुवात करावी.

पाण्याचा घोट

भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात असली, तरी उन्हाळ्यात तेथील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शस्त्रक्रिया झालेल्या परिचारिकेला दिवसाला किमान दीड लिटर पाणी व द्रव पदार्थ लागतात, आणि ते एका दमात पिता येत नाहीत. लहान झालेल्या जठरात घोट घोट पाणीच मावते. जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, असाही नियम असतो. म्हणजे उरलेल्या वेळात सतत थोडे थोडे पीत राहणे हाच मार्ग.

येथे एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. पाड्यांवर स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून अनेक महिला कर्मचारी ड्युटीवर पाणी पिणेच टाळतात. शस्त्रक्रियेनंतर ही सवय थेट रुग्णालयात पोहोचवू शकते. पाणी कमी पडल्यास चक्कर, मळमळ व बद्धकोष्ठता होते. बायपासनंतर मूतखड्याची शक्यताही वाढते. फिरतीच्या मार्गावर अंगणवाडी, शाळा किंवा ग्रामपंचायत कार्यालयात स्वच्छतागृह उपलब्ध करून देणे ही सवलत नव्हे, ती उपचाराची गरज आहे.

डबा कसा असावा?

पहिले साधारण दोन आठवडे द्रव आहार, त्यानंतर पातळसर, मऊ व घोटलेले अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. कामावर परतण्याचा काळ आणि मऊ अन्नाचा काळ असा बऱ्याचदा एकत्र येतो. डब्यात मऊ खिचडी, घोटलेले वरण, दही, मऊ उकडलेले अंडे असावे. स्टेशनबाहेरचा वडापाव, ताजा पाव, कोरडा भात हे पदार्थ सुरुवातीला जठराच्या तोंडाशी अडकू शकतात.

या आहारात सर्वांत महत्त्वाची असतात ती प्रथिने. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. भातशेतीच्या या पट्ट्यात ताटातला मोठा वाटा भाताचा असतो. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी अंडे, मासळी, कोंबडी, डाळ, वाल किंवा मटकी, नंतर भाजी, आणि जागा उरली तर भात. पोषक म्हणून नाचणी चांगली, पण तिचे आंबील प्रथिनांची जागा घेऊ शकत नाही. श्रावण, नवरात्र व चतुर्थीचे उपवास पहिल्या वर्षी तरी टाळावेत. साबुदाण्याच्या खिचडीने पोट भरते, पण प्रथिनांची गरज भागत नाही.

गोड पदार्थांबाबत विशेष सावधगिरी हवी. बायपास झालेल्या व्यक्तीने साखर अधिक खाल्ल्यास अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला 'डंपिंग' म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून हातपाय थरथरतात. प्रसूतिगृहात बाळ जन्मले की नातेवाईक सिस्टरच्या हातावर आग्रहाने पेढा ठेवतात. तो नम्रपणे बाजूला ठेवायला शिकावे लागते, कारण पुढच्याच तासात तिला टाके घालण्यास मदत करायची असू शकते.

गोळ्या वाटणाऱ्या हातांनी गोळ्या घेणेही

शहापूर व मुरबाडमधील आरोग्य सेविकेचे मोठे काम कुपोषणाशी निगडित आहे. बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण, हे तिला तोंडपाठ असते. गर्भवतींना लोहाच्या गोळ्या देताना 'न चुकता घ्या' असे ती रोज बजावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. त्याच पाहणीत २४ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त, तर १८.७ टक्के महिलांचे कमी आढळले. शस्त्रक्रियेनंतर ही दोन टोके एकाच शरीरात एकत्र येऊ शकतात. वजन अजून जास्त असते आणि तरीही लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व प्रथिने कमी पडू लागतात. ज्या रोगाशी परिचारिका लढते, तोच तिच्या दारात येऊन उभा राहतो.

त्यामुळे पूरक गोळ्या काही महिने नव्हे, तर आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्यात बहुजीवनसत्त्वे, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांचा समावेश असतो. मात्रा डॉक्टर ठरवतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. चहाबरोबर लोहाची गोळी घेणेही व्यर्थ.

केंद्रातल्या साठ्यातील गोळ्या आपल्यालाही चालतील, असे समजणे मात्र धोक्याचे आहे. गर्भवतींसाठीच्या शासकीय गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्ताचे प्रमाण सुधारल्यासारखे दिसते, पण बी-१२च्या अभावामुळे मज्जातंतूंना होणारी इजा आतल्या आत सुरूच राहू शकते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे मग 'थकवा' म्हणून दुर्लक्षिली जातात. शासकीय कार्यक्रमातील कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असते. जठरातील आम्ल कमी झाल्यावर ते नीट शोषले जात नाही, म्हणून अशा रुग्णांना कॅल्शियम सायट्रेट देणे पसंत केले जाते.

रक्त तपासणी पहिल्या वर्षी साधारण तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी करावी. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस गळणे बऱ्याच जणींत दिसते आणि पोषण सुधारले की ते सहसा थांबते. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. तांबीसारखे साधन अधिक खात्रीचे. तंबाखू आणि मिश्री या दोन्हींना कायमचा रामराम ठोकावा.

धोक्याच्या खुणा

ठाणे, मुंबई किंवा नाशिकमध्ये शस्त्रक्रिया झालेली परिचारिका गावी परतते, तेव्हा तिचा शल्यचिकित्सक कित्येक किलोमीटर दूर असतो. शहापूरला मुंबई-नाशिक महामार्ग आणि आसनगाव स्थानकाची लोकल आहे. मुरबाडकरांना कल्याण गाठण्यासाठी रस्त्याचाच आधार आहे. म्हणून कोणती लक्षणे दिसताच निघायचे, हे तिला आणि तिच्या सहकाऱ्यांना ठाऊक हवे.

पहिल्या महिन्यात ताप, मिनिटाला १२० पेक्षा जलद नाडी, पोटात वाढती वेदना, डाव्या खांद्यात कळ किंवा दम लागणे ही जठराच्या शिवणीतून गळती होत असल्याची खूण असू शकते. एका पायाची पोटरी सुजणे किंवा अचानक धाप लागणे ही रक्ताच्या गुठळीची सूचना असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शल्यचिकित्सकाला दूरध्वनी करावा. बायपास झालेल्या व्यक्तीच्या पोटात काही महिन्यांनी वा वर्षांनी मुरडा येऊन तीव्र कळा आल्या, तर आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते. ते केवळ अपचन म्हणून सोडून देऊ नये. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

तीन बाबी सहकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. सतत उलट्या होत असतील, तर थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व आधी द्यावे आणि मगच ग्लुकोजची सलाइन लावावी. हा क्रम उलटला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात शल्यचिकित्सकाला न विचारता नाकातून जठरात नळी घालू नये. कंबरदुखीसाठी केंद्रात सहज हाती लागणारी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके बायपास झालेल्या व्यक्तीला देऊ नयेत, कारण त्याने जोडाच्या जागी व्रण होतो. पॅरासिटामॉल त्यापेक्षा सुरक्षित. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, शल्यचिकित्सकाचा क्रमांक आणि या तीन सूचना लिहिलेले मराठीतील कार्ड ओळखपत्राच्या मागे ठेवणे उत्तम.

आणखी एक धोका परिचारिकेच्या कामातूनच येतो. तिचा क्षयरुग्णांशी नित्य संबंध असतो. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर व अपपोषणात क्षयाचा धोका वाढतो आणि वजन घटणे हे क्षयाचेही लक्षण आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा अपेक्षेपेक्षा झपाट्याने उतरणारे वजन दिसल्यास 'शस्त्रक्रियेचा परिणाम' म्हणून गप्प न बसता थुंकीची तपासणी करून घ्यावी.

लोक काय म्हणतील?

गणवेश सैल होतो, चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि गावात चौकशी सुरू होते. 'सिस्टर, काय आजार झाला होता?' इथपासून ते 'एवढे पैसे घालवून पोट कापून घेतले!' इथपर्यंत सर्व काही कानांवर पडते. शस्त्रक्रियेविषयी कोणाला किती सांगायचे, हा सर्वस्वी तिचा अधिकार आहे. वैद्यकीय अधिकारी आणि सोबत ड्युटी करणारी एखादी विश्वासू सहकारी यांना मात्र माहिती असावी, कारण आणीबाणीत तीच उपयोगी पडते. वजन घटूनही मन खचलेले राहणे, चिडचिड, जुन्या खाण्याच्या ओढीची जागा दुसऱ्या व्यसनाने घेणे असे प्रकार घडू शकतात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात संकोच नसावा.

आरोग्य यंत्रणेकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. सहा आठवडे वजन न उचलण्याची मुभा, पहिले तीन महिने शक्यतो रात्रपाळीतून सूट, दर तीन-चार तासांनी दहा-पंधरा मिनिटांची खाण्याची सुटी, तपासणीसाठी वर्षातून काही दिवस आणि फिरतीत स्वच्छतागृहाची सोय एवढ्याने बरेच काही साधते. या सोयींना फारसा निधी लागत नाही; लागते ते आगाऊ नियोजन. दुर्गम भागात अनुभवी परिचारिका मिळणे किती कठीण असते, हे तेथील वैद्यकीय अधिकारी जाणतात. दोन महिन्यांची घाई करून तिला आजारी पाडण्यापेक्षा दोन महिने सांभाळून घेऊन पुढची वीस वर्षे तिची सेवा मिळवणे अधिक लाभाचे आहे.

वर्षानुवर्षे दुसऱ्यांना 'गोळ्या वेळेवर घ्या, जेवण टाळू नका, तपासणीला या' असे सांगणाऱ्या परिचारिकेला शस्त्रक्रियेनंतर हेच तीन नियम स्वतः पाळायचे असतात. ते तिला पाळता येतील अशी ड्युटी लावणे, ही यंत्रणेची जबाबदारी आहे.